बसलेल्या बायका

सूड ही गोष्ट मला झेपत नाही. म्हणजे सुरुवात मी झोकात करतो, पण जेवून जरा आडवा झालो की निम्मा राग उतरतो आणि उरलेल्याची ॲसिडिटी होते. बायको म्हणते, तुझ्या वैऱ्यांना काही करावंच लागत नाही, त्यांच्या वाटचं सगळं तूच स्वतःला करून घेतोस. तरीही गेल्या उन्हाळ्यात, आयर्लंडातल्या ॲथलोनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात, मी आयुष्यात पहिल्यांदा एक पक्का, मंद आचेवर शिजवलेला सूड जवळून पाहिला. माझा नव्हता. शेजारच्या मावशींचा होता.

आमच्या आणि शेजारच्या घराची एक भिंत सामाईक आहे. पलीकडे माझ्याच ऑफिसातला एक सहकारी राहतो. आफ्रिकेतल्या एका छोट्या देशातला. देशाचं नाव लिहीत नाही, कारण मावशींनी बजावलंय की तिथे त्यांची माणसं राहतात आणि निवडणुका पुन्हा येणारच आहेत. मोठं तळं, मक्याचं पीठ आणि भांडखोर राजकारण, एवढं सांगितलं तरी पुरे. सहकाऱ्याच्या बायकोचे दिवस भरत आले तेव्हा त्याची आई मदतीला आली, आपल्याकडे येतात तशीच. फक्त आपल्याकडच्या आया डिंकाचे लाडू आणतात. या बाई एक ओली जखम आणि दोन फोन घेऊन आल्या.

मावशी हे नाव मी दिलं. अर्थ सांगितल्यावर त्यांना ते एकदम पटलं, कारण त्यांच्याकडे आईच्या बहिणीला आईच म्हणतात. मला त्या माझ्या मुलीचं नाव घेऊन 'अमकीचे बाबा' अशी हाक मारायच्या. बोलणं सगळं इंग्रजीतच चालायचं, पण मला ते आठवतं मात्र मराठीत.

आपल्या जिल्ह्यात पक्षाच्या महिला आघाडीच्या त्या प्रमुख होत्या, आणि त्याही आजकालच्या नव्हे. तिथला पक्ष कसा चालतो ते त्यांनी मला आमच्या टेबलावर पोहे खाता खाता समजावलं. गावात शाखा. काही शाखा मिळून विभाग, त्यावर मतदारसंघ, मग जिल्हा, मग प्रांत, आणि सगळ्यांच्या डोक्यावर राजधानीतलं मुख्यालय. मुख्यालयाच्या डोक्यावर नेता, ज्याने पक्ष काढला किंवा ज्याच्या भावाने काढला. प्रत्येक पायरीवर तीन समित्या. मुख्य समिती खुर्च्यांवर बसते. तरुणांची समिती कर्णे बांधते आणि मारामारी लागली तर ती उरकते. महिला जमिनीवर चटया टाकून बसतात, आणि सभा सुरू झाली की उठून गातात, नाचतात.

मी म्हटलं, म्हणजे करमणूक. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गडबडीने प्रेस उघडून, म्हणजे इथल्या भाषेत कपाट उघडून, शेवेचा डबा काढला आणि त्यांच्या पोह्यांवर शेव भुरभुरली.

त्यांचं म्हणणं असं की सभेला माणसं भाषणासाठी येतच नाहीत. बायकांचा आवाज कानावर पडला की शेतातली माणसं हातातलं काम टाकून निघतात. ज्याचं नाव बायका गाण्यात गुंफतील तो उमेदवार, बाकीचे नुसते शर्ट घातलेले पुरुष. आणि निवडणुका नसतात तेव्हा? तेव्हा पक्षाच्या कार्यालयाला कुलूप असतं आणि पक्ष मयताच्या घरी असतो. गावात कुणी गेलं की आघाडीच्या बायका डोक्यावर सरपण आणि पीठ घेऊन पोचतात, चूल पेटवतात, आल्यागेल्याला जेवू घालतात. मावशींनी आयुष्यभर हे केलं होतं. त्यांना मतं मागावी लागत नव्हती.

मग या निवडणुकीला मतदारसंघाची उमेदवारी त्यांना द्यायचं ठरलं. नेत्याने भर सभेत तसं सांगितलं. आणि त्यांच्याविरुद्ध उभा राहिला कोण, तर एक शाळामास्तर, ज्याला त्यांनीच हाताला धरून पक्षात आणलं होतं. मयताला गेल्यावर कुठे बसायचं, कुणाच्या आईपुढे आधी वाकायचं, सगळं यांनी शिकवलेलं. माझी मुलगी इथल्या पोरांसारखी त्याला 'युअर मॅन' म्हणायची, म्हणजे आपला 'तो बाबा'. आपण त्याला मास्तरच म्हणू.

पक्षाचा उमेदवार तिथे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. शाळेच्या मैदानावर दोघं लोकांकडे पाठ करून उभे राहतात आणि ज्याला जो हवा त्याच्यामागे तो रांगेत लागतो. पाठ अशासाठी, की कोण आलं आणि कोण नाही हे त्यांनी मनात ठेवू नये. मावशींची रांग मैदान ओलांडून, विहिरीला वळसा घालून रस्त्यावर गेली होती. मास्तराची गोलपोस्टपाशीच संपली. मुख्यालयातून आलेला निरीक्षक दोन्ही रांगांच्या कडेने चालत गेला, गाडीत जाऊन बसला, फोनवर कुणाशी तरी बोलला, काच खाली करून मास्तराचं नाव जाहीर केलं आणि काच वर केली.

रांगेबद्दल मावशी हसत बोलायच्या. काच वर केली, इथे आलं की आवाज बदलायचा.

हे ऐकून मी ताडकन म्हणालो की माझंही अगदी अस्संच झालंय. आता माझी कहाणी मावशींच्या कहाणीपुढे मुंगीएवढी आहे हे मला मान्य आहे, पण चावली ती मला होती. इथल्या मराठी मंडळाचा मी कित्येक वर्षं अध्यक्ष होतो. एकदा पुण्याला निघालो, विमानात बसलो, आणि मी आकाशात असताना मंडळाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी पोल टाकला. उतरून फोन चालू केला तर मी 'मार्गदर्शक' झालो होतो. मार्गदर्शकाने काय करायचं असतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. नवा अध्यक्ष नागपूरचा एक तरतरीत पोरगा. आयर्लंडात आला तेव्हा महिनाभर आमच्याकडे जेवला. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, हे त्याला मी शिकवलं.

मावशींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमच्या रांगेत कोण कोण होतं?"

मी म्हटलं पोल होता, रांग नव्हती.

"मग तुमचं काही चोरीला गेलं हे कशावरून?"

मी आणखी पोहे वाढले.

आमचं स्वयंपाकघर पक्षाचं कार्यालय झालं याला कारण त्यांचा मुलगा. लहानपणी आई सदा सभेला किंवा मयताला, हे त्याच्या मनातून गेलेलं नव्हतं. आपल्या घरात राजकारण चालणार नाही असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. आता हरलीस ना, मग नातीला खेळव, एवढंच त्याचं म्हणणं. मावशी नातीला खेळवायच्याच. नेत्याचा चेहरा छापलेलं पक्षाचं कापड कमरेला गुंडाळायच्या आणि दुसऱ्याने बाळाला पाठीशी बांधायच्या, तेही असं, की नेत्याचा चेहरा बरोब्बर बाळाच्या बुडाखाली येईल. तिसरं कापड त्यांनी माझ्या बायकोला भेट दिलं. ठेवणीत ठेवू म्हणाली तर मावशी म्हणाल्या की ते दारात पाय पुसायला टाकायचं आहे. आमच्याकडे पाऊस आणि चिखल यांना तोटा नाही. नेत्याची चांगली सेवा झाली.

रांगेचा निकाल डावलून अपक्ष उभं राहणं तिथे सर्रास चालतं. पण त्यासाठी स्वतः जाऊन अर्ज भरायला हवा, आणि अर्ज भरायच्या आठवड्यात सुनेचं सिझेरियन झालं होतं, तिला उठता येत नव्हतं. मावशी थांबल्या. हे त्यांनी मुलाला कधी ऐकवलं नाही, मला मात्र येता जाता ऐकवलं. स्वतः निवडून येणं संपलं होतं. आता त्यांना एकच हवं होतं. मास्तर पडला पाहिजे, आणि आपण का पडतोय हे त्याला पडायच्या आधी समजलं पाहिजे.

मी उत्साहाने सल्ले दिले. बायकांना सभेला जाऊच देऊ नका म्हटलं. त्यांनी मान हलवली. गेल्या नाहीत तर दुसऱ्या पक्षाने विकत घेतल्या असं होईल. मग त्यांनी मला त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. मावशी लहान असताना देशात एकच पक्ष होता आणि एकच म्हातारा अध्यक्ष, तहहयात. तो जिथे जाईल तिथे बायकांनी नाचायचं. लॉऱ्या भरून न्यायचे. घरी राहिली तर नवऱ्याची नोकरी जायची. त्यांची आई बाळंतीण असताना नाचली होती. पुढे अनेक पक्ष आले, मतपेट्या आल्या.

"लोक विचारतात, लोकशाहीने काय दिलं," मावशी म्हणाल्या. "नाचायचं की नाही, ते आता माझं मी ठरवते. हे दिलं."

आणि त्यांनी फोन उचलला. शाखाशाखांतल्या बायकांना आवाजी निरोप जायला लागले. भाषा मला कळत नव्हती, पण सूर कळत होता. तसा सूर आमच्याकडे एखाद्या लग्नातल्या रुसव्याआधी लागतो. माझी मुलगी ब्रेडला लोणी लावता लावता थांबली आणि म्हणाली, "डॅड, शी इज सॅव्हेज." तिच्या तोंडून मला असं कौतुक कधी मिळालेलं नाही.

पहिली सभा एका शनिवारी होती. मावशी आमच्या टेबलाशी बसून माझ्या बायकोला मेथी निवडू लागत होत्या, फोन बरणीला टेकवून ठेवलेला. पलीकडे कुणीतरी चित्रण दाखवत होतं. बायका आल्या होत्या. पक्षाची कापडं नेसून, चटया टाकून, ओळीने. मास्तर गाडीतून उतरला, हात हलवला आणि गाण्याची वाट बघत थांबला. गाणं नाही. त्याने दोन्ही हातांनी उठा उठा अशी खूण केली. कुणी हललं नाही. शिव्या नाहीत, घोषणा नाहीत, पाठही फिरवलेली नाही. नुसत्या बसलेल्या, आणि सरळ त्याच्याकडे बघत. जनरेटरची घरघर ऐकू येत होती आणि कुठली तरी शेळी ओरडत होती. खुर्च्यांवरचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मास्तर भाषणाला उभा राहिला आणि पहिल्याच वाक्याला अडखळला. एरवी प्रत्येक वाक्यानंतर बायका सूर धरतात आणि वक्त्याला दम घेता येतो. आता त्याला स्वतःच्या बोलण्याच्या मधली सगळी शांतता एकट्याने भरायची होती.

मावशी मेथीच निवडत होत्या. एकदाच मान वर करून म्हणाल्या, "बघा, घाम पुसतोय."

हे पाहून मला स्फुरण चढलं. गणपती तोंडावर आले होते. मी आमच्या मंडळातल्या नेहमीच्या गळ्यांना फोन केले. पेटीवाले, झांजवाल्या वहिनी, वरच्या पट्टीतले दोघं. प्लॅन साधा होता. प्रतिष्ठापनेला सगळ्यांनी यायचं, नटूनथटून यायचं, आणि नव्या अध्यक्षाने आरती सुरू केली की तोंड उघडायचं नाही. सगळे म्हणाले, एकदम डन. बायकोने विचारलं, तू गप्प राहशील? मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला.

दिवस उजाडला. क्लबच्या हॉलमध्ये मूर्ती, समया, मोदकांचे डबे. अध्यक्ष जांभळा कुर्ता घालून तबक घेऊन उभा राहिला आणि त्याने आरती सुरू केली, ती पार खालच्या पट्टीत. आम्ही गप्प. त्याने चमकून मागे पाहिलं. आवाज कापायला लागला. मला जे सुख झालं ते सांगता येत नाही. पण पुढच्या कडव्यात त्याने दोन ओळींची अदलाबदल केली आणि जिथे सूर लांबवायचा तिथे तोडून टाकला. तिथे नाही हो तोडत. लहानपणापासून तिथे श्वास संपेपर्यंत ओढायचं असतं. माझ्या घशात काहीतरी हललं, आणि मी फक्त तेवढीच एक जागा दुरुस्त करायला म्हणून तोंड उघडलं.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा झांजा चालू होत्या, पेटी चालू होती, सगळा हॉल गात होता आणि सर्वांत वरचा आवाज माझा होता. आरती संपल्यावर अध्यक्षाने वाकून माझ्या पाया पडून घेतलं. "काका, तुम्ही होतात म्हणून रंग आला," असं सगळ्यांसमोर म्हणाला, आणि मंडळाच्या ग्रुपवर माझा तो व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, आमचे मार्गदर्शक.

माझा सूड मोदकांपर्यंतसुद्धा टिकला नाही.

मावशींनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मुलीने तो त्यांना हौसेने दाखवला होता. मग फोन परत करत म्हणाल्या, "तुम्हाला सूड नको होता. तुम्हाला माईक हवा होता."

त्यांचं मात्र काम चोख चाललं होतं. सभेमागून सभा बसून जात होती. गाणं नाही म्हणून गर्दी नाही, गर्दी नाही म्हणून खुर्च्यांवरची माणसंही गळायला लागली. शेवटी मुख्यालयातून फोन आला. तोच निरीक्षक, काच वर करणारा. इंग्रजीत बोलत होता, मोठेपणासाठी, त्यामुळे मलाही कळलं. मावशींनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तो गोड बोलला. झालं गेलं विसरू या, पक्ष आपलाच आहे, तुमच्यासाठी एक मानाचं पद काढलंय, जिल्हा मार्गदर्शक. मला चहाचा ठसका लागला.

मावशी म्हणाल्या की पद नको. एक अट आहे. शेवटची सभा त्याच शाळेच्या मैदानावर घ्या. मास्तराने बायकांसमोर नाचायचं. एकट्याने. तो नाचला तर मी त्यांना उठायला सांगेन.

तो इतक्या लगेच हो म्हणाला की मावशींनाच वाईट वाटलं असावं, आणखी काहीतरी मागायला हवं होतं म्हणून.

त्या सभेच्या दिवशी दारावर थाप पडली. मावशींचा मुलगा, बाळाला खांद्यावर घेऊन. त्याला देशातून कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या आईने तिकडे सगळा मतदारसंघ बसवून ठेवलाय. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी लगेच त्याला खुर्ची दिली. माझ्या बायकोने, कधी नव्हे ती मध्ये पडून, अर्ज भरायच्या आठवड्यात त्याची आई कुठे होती आणि का होती, ते त्याला दोन वाक्यांत सांगितलं. तो खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसला आणि आम्हाला तिकडचं बोलणं इंग्रजीत सांगू लागला.

फोनवर मैदान दिसत होतं. मास्तराने कोट काढून कुणाच्या तरी हातात दिला. कर्ण्यावर पक्षाचं गाणं लागलं आणि तो नाचायला लागला. आधी खांदे, मग पाय. धूळ उडत होती. नाच त्याला येत होता, हे मला कबूल केलं पाहिजे, आणि म्हणूनच ते जास्त भयंकर दिसत होतं. मावशी पुढे वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी फक्त भरल्या ताटापुढे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. गाणं संपायला आलं तेव्हा त्यांनी दुसरा फोन तोंडाशी धरून निरोप पाठवला. मुलाने अर्थ सांगितला. झालं, आता उठा.

पुढच्या ओळीतल्या बाईने निरोप ऐकलेला आम्हाला दिसला. तिने तो शेजारणीला ऐकवला. फोन ओळीतून मागे गेला. कुणी उठलं नाही.

मावशींनी पुन्हा निरोप पाठवला, जरा चढ्या आवाजात. मास्तर दमून थांबला होता, शर्ट अंगाला चिकटलेला. निरीक्षक माईक घेऊन बायकांच्या पुढ्यात आला आणि म्हणाला की आता तर तुमच्या बाईंनीच सांगितलंय. तेव्हा चटईवरच्या एका म्हातारीने बसल्या जागेवरून हात पुढे केला. त्याला वाकून माईक तिच्या तोंडाशी धरावा लागला. ती जे बोलली ते मुलाने आधी नीट ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

"आम्ही उभ्या होतो तेव्हा तुम्हाला दिसलो नाही. आता बसलोय."

मास्तराने कोट मागून घेतला. सगळा मतदारसंघ बघत असताना त्याला बाहीत हात घालता येईना.

आमच्याकडे मला वाटलं आता मावशी टाळी देतील. त्यांचा चेहरा उतरला होता. मी शब्द दिला होता, एवढंच त्या म्हणाल्या. टेबलावरचा फोन वाजायला लागला, निरीक्षक होता. वाजू दिला, मग उचलून म्हणाल्या की मी सांगितलं, तुम्ही ऐकलंत, त्या माझंही ऐकत नाहीत. आणि या वेळी फोन त्यांनी बंद केला. मुलाने हळूच विचारलं, या बायका चिडल्यात तरी किती? मावशी म्हणाल्या, "मला वाटलं होतं चोरी माझी झाली."

मास्तर पडला. नुसता नाही, सपशेल पडला. जागा दुसऱ्या पक्षाच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे गेली, ज्याला मावशी स्वतः उभ्या आयुष्यात मत देणार नाहीत. मी भीत भीत विचारलं की हे नुकसान नाही का. त्या म्हणाल्या आहे, आणि माझ्या बायकोने केलेला शिरा दुसऱ्यांदा वाढून घेतला. मास्तर शाळेत परत गेलाय, मुलं त्याच्या मागे नाचून दाखवतात, असा निरोप आला तो त्यांनी आम्हा सगळ्यांना दोनदा ऐकवला.

मग आणखी एक निरोप आला, शाखांच्या बायकांचा, त्याच म्हातारीच्या आवाजातला. मावशींनी तो ऐकला आणि फोन पालथा ठेवला. मुलाने विचारलं काय म्हणतायत. त्या सांगेनात. शेवटी त्यानेच उचलून ऐकला आणि हसू दाबत आम्हाला सांगितलं. बायकांनी विचारलं होतं की मुख्यालयाशी बोलणी करायला तुला कुणी सांगितलं होतं, आणि आम्हाला उठा म्हणायचा अधिकार तुला कुणी दिला. लवकर ये. आम्ही मैदानावर बसून तुझं उत्तर ऐकणार आहोत.

मावशींनी फोन मुलाच्या हातातून परत घेतला. एवढ्या महिन्यांत त्या घाबरलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. मग मला म्हणाल्या, तुम्ही राजकारणातले आहात, तुम्ही काय उत्तर द्याल? मी घसा साफ करून मुद्देसूद मांडणी सुरू केली. माझ्या दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"फार चांगलं शिकवलं मी या बायकांना," त्या वैतागून म्हणाल्या, आणि मुलाला तिकीट बघायला सांगितलं.